कॉलेजं आता खेळाडूंना पैसे देतात म्हणून वाकडचा फ्लॅट विकायचा का?

नमस्कार दादा,

तुमची मेल दोनदा वाचली आणि सोबतची एक्सेल शीट तर तीनदा. लेक सात वर्षांची असल्यापासून पहाटे साडेपाचला कोर्टवर सोडायचं, वहिनींनी गाडीतच डबा खायला घालायचा, तिथून शाळा, हे सगळं तुम्ही लिहिलंय ना, ते वाचून खरंच पोटात कालवलं. म्हणून गोड बोलत नाही, स्पष्टच सांगतो.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात प्रश्न असा. दादा ५१ वर्षांचे, चाकणला नोकरी, वहिनी शाळेत शिकवतात, मिळून महिन्याला साधारण दोन लाख येतात. लेक बारावीत, टेनिस खेळते, अमेरिकेतल्या दोन डिव्हिजन १ (म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या) कॉलेजांकडून ऑफर आहे. पहिलं कॉलेज दक्षिणेतलं, मोठ्या कॉन्फरन्समधलं (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांची लीग), टीव्हीवर ज्यांचं अमेरिकन फुटबॉल दिसतं त्यातलं. वर्षाचा सगळा खर्च साठ हजार डॉलर आणि स्कॉलरशिप ६५ टक्के. दुसरं मिडवेस्टमधलं छोटं कॉलेज, नाव कुणी ऐकलेलं नाही, पण स्कॉलरशिप पूर्ण, म्हणजे ट्युशन, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं. दादांचा कल पहिल्याकडे, कारण रिक्रूटिंग कन्सल्टंट म्हणाला की आता अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना पैसे मिळतात, वर्षाला पंधरा हजार डॉलर तर एनआयएलमधूनच, म्हणजे जाहिराती वगैरेंतूनच, सुटतील. म्हणजे उरले सहा हजार डॉलर, नव्वदच्या भावाने ५ लाख ४० हजार, चार वर्षांचे २१ लाख ६० हजार. वाकडचा वन बीएचके ५५ लाखांना विकायचा, त्यातून हे भागवायचं आणि उरलेले आठवीतल्या मुलाच्या इंजिनिअरिंगला ठेवायचे.

आता त्या शीटमधला हिरव्या रंगाचा सेल बघा, ज्यात तुम्ही १५,००० लिहिलंय. सगळा हिशोब त्या एका आकड्यावर उभा आहे आणि माझ्या मते तिथे शून्य पाहिजे.

कन्सल्टंट पूर्ण खोटं बोलत नाहीये, अमेरिकेत खरंच मोठा बदल झालाय. आधी कॉलेजच्या खेळाडूला स्कॉलरशिपपलीकडे जवळजवळ काही घेता यायचं नाही. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा, ओळख वापरून जाहिराती वगैरे करायची मुभा दिली, त्यालाच एनआयएल म्हणतात. मग ग्रँट हाऊस नावाच्या अ‍ॅरिझोना स्टेटच्या स्विमरच्या नावाने जो खटला चालला त्यात ६ जून २०२५ ला जज क्लॉडिया विल्कन यांनी सेटलमेंट मंजूर केली, जुन्या खेळाडूंना साधारण २८० कोटी डॉलर भरपाई, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेज स्वतःच्या कमाईतून थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं, २०२५-२६ साठी एका कॉलेजला मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आकडा ऐकून कुणाचेही डोळे फिरतील.

पण ते जातात कुणाकडे ते बघा. जुन्या खेळाडूंच्या भरपाईचं जे सूत्र ठरलं ते साधारण ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुषांचं बास्केटबॉल, ५ टक्के महिलांचं बास्केटबॉल आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्या खेळांना मिळून, आणि मोठी कॉलेजं नवीन पैसेही बरेचसे त्याच अंदाजाने वाटतायत. बाकी सगळे म्हणजे स्विमिंग, अ‍ॅथलेटिक्स, व्हॉलीबॉल, बेसबॉल, गोल्फ आणि त्यात कुठेतरी तुमच्या लेकीचं टेनिस. २ कोटी ५ लाखांचे ५ टक्के म्हणजे सुमारे दहा लाख डॉलर, समजा असे ४०० खेळाडू धरले तर माणशी अडीच हजार, आणि तेही सारखे वाटले तर, जे कुणी वाटत नाही, कारण पैसा आणतं ते फुटबॉल.

आणि हे अडीच हजारसुद्धा तुमच्या लेकीला घेता येतील का हा प्रश्न आहेच, कारण ती जाणार एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर. एफ-१ वर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं, बाहेरचं काम परवानगीशिवाय नाही. इन्स्टाग्रामवर शूजची जाहिरात केली आणि त्याचे पैसे घेतले तर ते काम धरलं जाऊ शकतं आणि व्हिसाच धोक्यात येतो. पर्ड्यूचा झॅक एडी आठवतोय का, कॅनडाचा सव्वासात फुटी बास्केटबॉलपटू, २०२३ आणि २०२४ ला लागोपाठ देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, आणि त्याच्यासुद्धा हात बांधलेले होते, बरोबरचे अमेरिकन खेळाडू जे करू शकत होते ते त्याला करता येत नव्हतं. केंटकीचा ऑस्कर चिब्वे काँगोचा, त्याने २०२२ मध्ये टीम बहामाजला खेळायला गेली तेव्हा तिथे, अमेरिकेच्या हद्दीबाहेर, एनआयएलची कामं उरकून घेतली. देशातल्या एक नंबरच्या खेळाडूंना जिथे एवढा द्राविडी प्राणायाम, तिथे पहिल्या वर्षाच्या टेनिसपटूच्या नावावर पंधरा हजार धरणं मला पटत नाही. काही वकील म्हणतात फोटो वापरू देण्याचे पैसे म्हणजे काम नव्हे. असेल. पण त्या वादाची परीक्षा तुमच्या लेकीच्या व्हिसावर नको.

अजून एक साधी गोष्ट. आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) काढताना कॉलेज पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार त्याचा पुरावा मागतं, तिथे बँक स्टेटमेंट चालतं, लोनचं सँक्शन लेटर चालतं, कन्सल्टंटचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज नाही चालत.

तर खरा हिशोब. साठ हजाराचे ६५ टक्के गेले की उरतात २१ हजार डॉलर, नव्वदने १८ लाख ९० हजार. फी दरवर्षी थोडी वाढणार, रुपया थोडा घसरणार, मी दोन्ही मिळून ८ टक्के धरतो, चार वर्षांचे होतात साधारण ८५ लाख. तिकिटं, सुट्टीतलं राहणं, वरखर्च दहा लाख. एकूण ९५. तुमच्या शीटमध्ये साडेएकवीस आहेत. म्हणजे फ्लॅट विकूनही चाळीस लाख कमी पडणार, आणि मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेले तर तिसऱ्या वर्षातच संपलेले असतील.

आता मला या सगळ्यात जे सगळ्यात जास्त खुपलं ते सांगतो. महिला टेनिसमध्ये आधी टीमला आठच स्कॉलरशिप, आणि अर्धीमुर्धी दिली तरी ती आठातली एक पूर्ण धरली जायची, म्हणून सहसा पूर्णच द्यायचे. सेटलमेंटमध्ये जी कॉलेजं सामील झाली तिथे ते बंधन गेलं, आता टीममध्ये दहा खेळाडूंची मर्यादा आणि कोचने कुणाला किती टक्के द्यायचे ते त्याच्या बजेटप्रमाणे. कागदावर यामुळे आठच्या जागी दहा पूर्ण स्कॉलरशिप देता येतात, पण वाढीव स्कॉलरशिपचा पैसा ठराविक रकमेपर्यंत त्याच २ कोटी ५ लाखांच्या मर्यादेत मोजला जातो, मग फुटबॉलशी ओढाताण आलीच. म्हणजे दादा, तुम्हाला जो ६५ टक्के आकडा आलाय तोच मुळात या नवीन व्यवस्थेतून आलाय. ज्या बदलातून पैसे मिळतील असं तुम्हाला सांगितलं गेलं त्याच बदलामुळे तिचे ३५ टक्के तुमच्या खिशावर आलेत. छोटं कॉलेज सेटलमेंटमध्ये नाहीये (त्यांच्या मेलमध्ये तसं लिहिलंय, मी बघितलं) म्हणून तिथे जुना नियम आणि पूर्ण स्कॉलरशिप.

छोट्या कॉलेजला धोका नाही असं मी म्हणणार नाही. टीमच बंद पडण्याचा धोका आता सगळीकडे आहे. कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये स्विमिंग आणि डायव्हिंग बंद केलं, टेक्सासमधल्या यूटीईपीने महिला टेनिस बंद केलं, दोन्हीकडे या खटल्याचा उल्लेख झाला. म्हणून दोन्ही कोचना एकच मेल टाका, तीन गोष्टी विचारा: स्कॉलरशिप एका वर्षाची की चार वर्षांची, दुखापत झाली तर काय, आणि टीम बंद झाली तर डिग्री पूर्ण होईपर्यंत स्कॉलरशिप चालू राहणार का. उत्तर लेखी घ्या. २०२४ मध्ये लास व्हेगासच्या यूएनएलव्ही कॉलेजचा फुटबॉलपटू मॅथ्यू स्लुका तीन मॅच खेळून टीम सोडून गेला, त्याच्या बाजूचं म्हणणं की एक लाख डॉलर तोंडी कबूल केले होते ते दिलेच नाहीत, आणि समोरचे म्हणतात असं काही ठरलंच नव्हतं. तोंडी गोष्टींचं हे असं होतं.

माझं मत: छोटं कॉलेज घ्या. तिथे तुमचा खर्च वर्षाला तीनेक लाख, म्हणजे तुमची महिन्याची जी २५ हजारांची एसआयपी चालू आहे ती चार वर्षं तिकडे वळवली की भागलं, फ्लॅट, पीएफ, म्युच्युअल फंडातले १८ लाख, कशालाच हात लावायला नको. सुकन्याही राहू दे, त्यातून शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते पण ती प्रत्यक्ष फी असेल तेवढीच, आणि इथे फी भरायचीच नाहीये. एक गोष्ट आत्ताच माहीत असू दे म्हणजे तिकडे गेल्यावर घाबरायला नको, स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा भाग अमेरिकेत टॅक्सेबल असतो आणि एफ-१ वाल्यांचा त्यावर साधारण १४ टक्के कापतात. चौदा हजार डॉलर धरले तर १,९६० डॉलर. पण भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना तिथलं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, २०२५ साठी १५,७५० डॉलर, म्हणजे १०४०-एनआर रिटर्न भरलं की बहुतेक सगळे परत येतात. हे रिटर्न दरवर्षी भरायला लावा तिला.

"पण मोठ्या कॉलेजचं एक्स्पोजर?" असं वहिनींनी विचारलंय, बरोबरच आहे, आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला खेळली आणि पुढे २०२३ च्या एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड आणलं, कुणालाही वाटेल आपल्या मुलीनेही तिथेच जावं. पण मोठ्या टीममध्ये दहाच जागा, आणि कोच ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) बावीस वर्षांची तयार खेळाडू आणू शकतो, मग तुमची अठरा वर्षांची लेक सातव्या-आठव्या नंबरवर बसून राहील. आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कॉलेज बदलल्यावर एक वर्ष मॅचेसबाहेर बसावं लागत नाही. छोट्या कॉलेजात ती पहिल्या-दुसऱ्या नंबरवर दोन वर्षं खेळू दे, मॅचेस होऊ देत, मग तिचा रेकॉर्ड बघून मोठं कॉलेज स्वतःहून जास्त टक्के देईल. हे दार उघडंच आहे. उलट बाजूने यायचं म्हणजे बेंचवरून उठून स्कॉलरशिप मागायची, ते फार अवघड.

आणि मोठ्या कॉलेजलाच पाठवायचं असं घरात ठरलं तर माझी अट एकच, स्कॉलरशिप ६५ वरून ९० टक्के करून तसं लेखी देऊ देत. का ९०? तुमच्या घराला चार वर्षांत मिळून चाळीस लाखांपर्यंत झेपतं असं मला दिसतंय, सुकन्यातून अकरा, फंडातून दहा, बाकी लोन. त्यात बसायचं तर ८८ च्या पुढेच जावं लागतं. कोचला सरळ सांगा दुसरीकडून पूर्ण ऑफर आहे, यात लाजायचं काही नाही, ते रोज हेच बोलत असतात. तेव्हाही फ्लॅट विकू नका, तारण ठेवून एज्युकेशन लोन घ्या आणि वर्षाला लागतील तेवढेच उचला, म्हणजे दुसऱ्या वर्षी काही बिनसलं तर कर्ज तिथेच थांबतं. विकलेला फ्लॅट परत येत नाही. शिवाय स्वतःचे पैसे पाठवले तर वर्षाला दहा लाखांच्या वर टीसीएस कापला जातो, लोनच्या पैशांवर नाही. एज्युकेशन लोनच्या व्याजावरची सूट जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते, तुम्ही नवीनमध्ये आहात, त्यामुळे ती धरू नका.

कन्सल्टंट चार लाखांचं "एनआयएल प्रोफाइल पॅकेज" घ्या म्हणतोय ते घेऊ नका, आणि पुढच्या कमाईतले टक्के मागणारा कुठलाही कागद आला तर सही करण्याआधी मला पाठवा. फ्लोरिडाच्या जर्वन डेक्स्टरने २०२२ मध्ये कॉलेजात असताना ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) टॅक्सपूर्व कमाईतले १५ टक्के २५ वर्षं द्यायचं लिहून दिलं, पुढे ते सोडवायला त्याला कोर्टात जावं लागलं. त्याच्याकडे निदान एनएफएल होतं.

कोचना मेल याच आठवड्यात टाका, मसुदा मी सोबत जोडलाय. फक्त तो लेकीच्या नावाने आणि तिच्याच आयडीवरून जाऊ दे, कोचला खेळाडूशी बोलायचं असतं. आणि तिला ही शीट एकदा दाखवा, हिरवा सेल पुसून.