पाणी प्रकल्पावर रुजू होताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परदेशी मदतीच्या पाणीपुरवठा प्रकल्पावर तुझी नेमणूक झाल्याचं वाचून फार आनंद झाला. आधी काय वाचू, असं तू विचारलं आहेस. प्रकल्प अहवाल तर वाचशीलच, पण त्याआधी दोन गोष्टींची चौकशी कर. योजना बिघडली तर दुरुस्त कोण करणार? आणि त्याचा पगार कुठून निघणार? कर्ज जपानचं असो, जर्मनीचं असो की जागतिक बँकेचं, याचं उत्तर कागदावर नसेल तर उद्घाटनानंतर योजना फार दिवस तग धरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कंबोडियातल्या नॉम पेन्हचा अभ्यास मन लावून कर. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट आणि पुढची यादवी यांत तिथली पाणीव्यवस्था मोडकळीला आली होती. १९९३ मध्ये 'एक सोन चान' नावाचे गृहस्थ तिथल्या पाणीपुरवठा प्राधिकरणाचे प्रमुख झाले, तेव्हा शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा पैसाच येत नव्हता. काही गळून जायचं, काही चोरीला जायचं, आणि चोरून नळजोड देणाऱ्यांत खात्यातलीच माणसं होती. पाणी दिवसाला साधारण दहा तास यायचं, तेही शहराच्या थोड्याच भागात.

त्याच वर्षी जपानने बृहत् आराखडा करून दिला. पुढे जपान, फ्रान्स, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांच्या पैशातून जलशुद्धीकरण केंद्रं झाली, जुन्या वाहिन्या बदलल्या. पण हे सगळं टिकलं ते चान यांनी घरातली शिस्त आधी लावली म्हणून. घरोघर फिरून ग्राहकांची यादी नव्याने केली, हळूहळू प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, आणि बिल न भरणारा कितीही मोठा असला तरी त्याचा नळ तोडला. मीटर बसवायला गेले असताना एका बड्या सेनाधिकाऱ्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखलं होतं. त्या अधिकाऱ्याचंही पाणी तोडलं गेलं! १९९६ मध्ये प्राधिकरणाला स्वायत्तता मिळाली, म्हणजे आपला हिशेब, आपली भरती, आपले पगार. दरवाढ तीन टप्प्यांत ठरली होती. दोन टप्प्यांतच वसुलीतून खर्च भागू लागला आणि तिसरी करावी लागली नाही. गरीब कुटुंबांना जोडणीच्या शुल्कात सवलत दिली, काहींना ते पूर्ण माफ केलं. विकतच्या पाण्याला हीच कुटुंबं नळापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजत होती.

१९९९ पासून जपानच्या किताक्युशू शहराच्या पाणी खात्यातले लोक तिथे शिकवायला जाऊ लागले. शहराचे विभाग पाडायचे, प्रत्येकात किती पाणी शिरतं आणि दाब किती आहे ते सतत मोजायचं, गळती कुठे आहे ते त्यावरून ओळखायचं. आपल्या शहरात रोज जे काम करतो तेच दुसऱ्याला शिकवणारा माणूस मला सल्लागार कंपनीच्या जाड अहवालापेक्षा मोलाचा वाटतो. २००६ च्या सुमारास वाया जाणारं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आलं होतं आणि नळाला चोवीस तास पाणी होतं. त्याच वर्षी चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मैलापाण्याचं मात्र याच शहरात वर्षानुवर्षं काही झालं नाही. ते तसंच शहराबाहेरच्या 'चुंग एक' नावाच्या पाणथळीत जात राहिलं, आणि त्याच पाण्यात लोक पालेभाजी पिकवत राहिले. पाण्याचं बिल येतं, मैल्याचं कोण भरणार, म्हणून ते काम सगळीकडेच मागे पडतं. तुझ्या प्रकल्पात 'स्वच्छता' हा शब्द असेल, तर अंदाजपत्रकात त्यापुढे रक्कम किती आहे ते बघ आणि पहिल्याच बैठकीत विचार.

आपल्याकडचा हापसाही असाच अभ्यासण्यासारखा आहे. १९६७ च्या बिहारच्या दुष्काळापासून युनिसेफने कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं आणली, पण वर बसवलेले बिडाचे पंप एका घराच्या वापराचे. अख्ख्या गावाने दिवसभर हापसलं की ते मोडायचे. टिकाऊ पोलादी पंप घडला तो जालना आणि सोलापूरच्या ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळांत. सोलापूरच्या पंपाला दांड्याशी बॉल बेअरिंग आणि साखळी होती, त्यामुळे झीज खूप कमी व्हायची. युनिसेफने तोच पाया धरला, तपासण्या केल्या, प्रमाण ठरवलं, आणि त्यातून 'इंडिया मार्क टू' हा हापसा तयार झाला. त्याच्यावर कुणाचं पेटंट नव्हतं, म्हणून कुठल्याही कारखान्याला तो बनवता आला. पुढे तो आफ्रिकेतही गेला. चांगली मदत कशी असते, हे मी यावरून शिकलो.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा तरी रात्री वॉल्व्हमनबरोबर फीर. रात्री दाब जास्त आणि गोंगाट कमी असतो, त्यामुळे जमिनीखालची गळती ऐकू येते. कुठला वॉल्व्ह पुरता बंद होत नाही, हे नकाशात नसतं, त्याला माहीत असतं. मग पाणीपट्टीचं वसुली रजिस्टर आणि पंपाची वीजबिलं शेजारी ठेवून वर्षभराची बेरीज कर. दोन्ही आकडे मला कळव, मग प्रकल्प अहवाल आपण मिळून वाचू.

तुझे
सर