इमॅटिनिबचा त्रास आणि चुकवलेल्या गोळ्या

ताई, आपल्या यजमानांना अडीच महिन्यांपूर्वी सीएमएलचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या एका दीर्घकालीन प्रकाराचे निदान झाले आणि रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब सुरू झाले. मळमळ, डोळ्यांभोवतीची सूज आणि रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे यांना कंटाळून ते गेला महिनाभर डॉक्टरांना न सांगता एक दिवसाआड गोळी घेत आहेत, असे आपण लिहिले आहे. हा त्रास कमी कसा करावा आणि नात्यातल्या एकांनी सुचवलेला गुळवेलीचा काढा चालेल का, असे आपण विचारले आहे. मी २०१२ पासून हीच गोळी घेतो आहे. त्रासाविषयी सविस्तर लिहितोच, पण एक दिवसाआड गोळी घेण्याविषयी आधी लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते.

हीच चूक मी तिसऱ्या वर्षी केली होती. रक्त चांगले होते, या आजारात वाढलेली पाणथरी (प्लीहा) पूर्ववत झाली होती, कामावर नियमित जात होतो. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी गोळी टाळायची, लग्नकार्याच्या दिवशी टाळायची, असे करता करता आठवड्यातून दोन-दोन गोळ्या चुकू लागल्या आणि शरीराला बरे वाटत असल्याने त्यात काही वावगे आहे असे मला वाटेना. पुढच्या तपासणीत ०.०८ टक्क्यांवर आलेला बीसीआर-एबीएलचा, म्हणजे रक्तात आजार किती उरला आहे ते दाखवणारा, आकडा १.९ टक्क्यांवर गेलेला दिसला. तो पुन्हा खाली यायला जवळजवळ वर्ष लागले, आणि त्या वर्षातील प्रत्येक अहवालाची वाट पाहताना घरातल्यांनी काय सोसले ते मी विसरू शकत नाही.

असे का होते ते समजून घेतले, तर गोळीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत अदलाबदल होतात. त्यातून तयार होणारे छोटे, विकृत गुणसूत्र १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात प्रथम आढळले, आणि ही अदलाबदल १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिली. या जोडणीतून निर्माण होणारे बीसीआर-एबीएल हे प्रथिन पेशींना सतत वाढण्याचा आदेश देत राहते. इमॅटिनिब त्या प्रथिनाला अडवून धरते; औषधाचे रक्तातील प्रमाण घसरले की अडसर सैल होतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी ८७ रुग्णांच्या गोळ्यांची काटेकोर नोंद ठेवून २०१० मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते मी आमच्या कपाटाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवले आहेत: नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये सहा वर्षांत अपेक्षित खोल प्रतिसाद, म्हणजे बीसीआर-एबीएलचा आकडा अगदी खाली येणे, मिळण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के होती, तर त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये ती सुमारे २८ टक्के होती. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्यांची चूक. आपल्या यजमानांच्या महिन्यात पंधरा चुकल्या आहेत.

आता त्रासाविषयी. मळमळीसाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे गोळीची वेळ. इमॅटिनिब रिकाम्या पोटी घेऊ नये. दिवसातील सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासह घ्यावे आणि नंतर निदान तास-दोन तास आडवे होऊ नये. मी सकाळी चहा-बिस्किटांवर गोळी घेत असे आणि दुपारपर्यंत पोट ढवळत राही. डॉक्टरांना विचारून ती रात्रीच्या भात-वरणाबरोबर, लवकर जेवून, घेऊ लागल्यावर दोन आठवड्यांत फरक पडला. तरीही उलटीची भावना राहिली, तर गोळीच्या अर्धा तास आधी घ्यायचे उलटीविरोधी औषध डॉक्टर लिहून देतात. उलटी झाली म्हणून मनाने दुसरी गोळी घेऊ नये, आणि काल चुकली म्हणून आज दोन घेऊ नयेत.

डोळ्यांभोवतीची सूज या औषधाने शरीरात पाणी धरून ठेवल्यामुळे येते आणि सकाळी अधिक दिसते. लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ कमी करणे, उशी थोडी उंच ठेवणे, एवढ्याने बहुतेकांचे भागते. मात्र यजमानांचे वजन रोज सकाळी एकाच वेळी करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत ते झपाट्याने वाढले, पाय सुजले किंवा धाप लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायला हवे. कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात लालभडक डाग उठतो. माझ्या पत्नीला तो पाहून रडू कोसळले होते, पण दृष्टीवर परिणाम किंवा वेदना नसल्यास तो बहुधा आपोआप विरतो. डॉक्टरांना मात्र सांगावा.

पोटऱ्यांतले गोळे दिसायला क्षुल्लक वाटतात, परंतु झोप मोडल्याने माणूस खचतो तो यांमुळेच. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणण्याचा पाच मिनिटांचा व्यायाम आणि दिवसभर पुरेसे पाणी यांचा मला उपयोग झाला. याशिवाय रक्तातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व फॉस्फरस तपासण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण या औषधाने फॉस्फरस घटू शकतो. त्वचेचा रंग उजळणे हाही परिणाम आपल्याकडे पुष्कळ दिसतो. लोक ‘गोरे झालात’ म्हणतात, आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे सुचत नाही. थकवा तर कोणालाच दिसत नाही. माणूस हिंडताफिरता असतो, म्हणून तो बरा आहे असे सारे धरून चालतात. घरात निदान आपण तरी त्यांच्या थकव्यावर विश्वास ठेवा.

पहिल्या काही महिन्यांत पांढऱ्या पेशी व रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट गरजेपेक्षा खाली जाऊ शकतात, म्हणूनच वारंवार रक्त तपासतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर घरी वाट पाहू नका.

गुळवेलीच्या काढ्याला माझे स्पष्ट नाही आहे. इमॅटिनिबचा भार यकृतावर पडतोच, आणि गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. यकृताचे अहवाल बिघडले, तर दोष गोळीचा की काढ्याचा हे ठरवता येत नाही आणि गोळी थांबवावी लागते. सुचवणाऱ्यांची माया खरी असते. डॉक्टरांनी मनाई केली आहे असे त्यांना सांगावे. ग्रेपफ्रूट आणि त्याच जातकुळीतील पपनसही टाळावे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध इमॅटिनिबचा प्रभाव घटवते आणि काही प्रतिजैविके तो वाढवतात, म्हणून सर्दी-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी इमॅटिनिबचे नाव आधी सांगा.

गोळ्या टाळण्यामागे खर्चाचीही चिंता असेल, तर तेही उघड बोलावे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाचे पेटंट नाकारले. त्यामुळे भारतीय कंपन्यांचे इमॅटिनिब मूळ औषधाच्या किमतीच्या लहानशा भागात मिळत राहिले. रुग्णालयातील समाजसेवा विभागात शासकीय योजनांची चौकशी करा.

आपण लिहिले आहे की पुढच्या आठवड्यात तीन महिन्यांची पहिली पीसीआर, म्हणजे रक्तातील बीसीआर-एबीएल मोजणारी, तपासणी आहे. त्यात बीसीआर-एबीएल दहा टक्क्यांवर किंवा त्याखाली यावे अशी अपेक्षा असते. आकडा वर राहिला आणि चुकलेल्या गोळ्या डॉक्टरांना ठाऊक नसल्या, तर औषध लागू पडत नाही असे त्यांना वाटेल. मग उत्परिवर्तनाची, म्हणजे औषधाला दाद न देणारा जनुकीय बदल झाला आहे का ते पाहणारी, महागडी तपासणी आणि कदाचित दुसरे, वेगळ्या त्रासांचे औषध. त्रास खरोखर असह्य असेल, तर मात्रा बदलणे, काही दिवस थांबवणे, डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिब या याच आजारावरील दुसऱ्या गोळ्यांवर नेणे हे सारे मार्ग डॉक्टरांकडे आहेत, पण ते खऱ्या माहितीवरच निवडता येतात. म्हणून तपासणीची वाट न पाहता उद्याच फोन करा, उरलेल्या गोळ्या मोजून किती चुकल्या तो नेमका आकडा सांगा, आणि भेटीला जाताना पाकिटे व वजनाची वही बरोबर न्या. यजमानांना ते सांगायला संकोच वाटत असेल, तर आपण सांगा. मी गप्प राहिलो होतो, तेव्हा माझ्या पत्नीनेच सांगितले होते.