नाव नंतर, वर्णन आधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तुझी त्वचारोग विभागातली पोस्टिंग सुरू होते आहे, आणि त्या दिवसांत मेडिसिनचा राहिलेला अभ्यास उरकून टाकायचा तुझा बेत आहे, असं तू कळवलंस. तो बेत सोड, एवढं सांगण्यासाठी हे पत्र. पुढे तू सर्जन हो, बालरोगतज्ज्ञ हो, नाहीतर मानसोपचारतज्ज्ञ. अंगावर पुरळ घेऊन आलेला रुग्ण तुझ्यासमोर येणारच. आणि त्वचा पाहायला शिकण्याची एवढी निवांत संधी बहुधा पुन्हा मिळणार नाही.

पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावून घे. चट्टा दिसला की लगेच रोगाचं नाव तोंडावर येऊ देऊ नकोस. आधी वर्णन कर. सपाट आहे की उंचवटा आहे? हे नुसतं बघून कळत नाही, डोळे मिटून त्यावरून बोट फिरव. सपाट आणि फक्त रंगात फरक असेल तर मॅक्यूल, उंच आणि लहान असेल तर पॅप्यूल, पसरट उंचवटा म्हणजे प्लाक. आत पाणी आहे की पू? कडा ठळक आहे की आजूबाजूच्या कातडीत विरून जाते? खपल्या आहेत का, असल्या तर चंदेरी जाड की भुश्यासारख्या बारीक? मग दोन पावलं मागे सरून सगळं अंग बघ. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा, नखं आणि तोंडाच्या आतला भागही. लंडनच्या डॉक्टर रॉबर्ट विलनने १७९८ ते १८०८ या काळात त्वचारोगांची मांडणी केली ती डोळ्यांना काय दिसतं यावरूनच, आणि तुझ्या केसपेपरवरचे बरेचसे शब्द आजही त्याच परंपरेतले आहेत.

लाल चट्ट्यावर काचेची स्लाइड दाबून बघ. लाली फिकी पडली तर रक्त वाहिन्यांच्या आत आहे. फिकी पडली नाही तर ते बाहेर झिरपलं आहे, म्हणजे पर्प्युरा. तापाने फणफणलेल्या मुलाच्या अंगावर असे न विरणारे ठिपके दिसले तर मेनिंगोकॉकसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जीवघेण्या जिवाणूचा, संसर्ग मनात आणायचा आणि वरिष्ठांना त्याच मिनिटाला बोलवायचं.

आणखी एक. पुस्तकांतली बरीच छायाचित्रं गोऱ्या त्वचेची असतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, करडी किंवा गडद तपकिरी दिसते, कधी दिसतच नाही आणि फक्त हाताला ऊब लागते. हे माहीत नसल्यामुळे रुग्णांची दाहाची लक्षणं सौम्य समजली जातात. मला हा अन्याय वाटतो, आणि तो तुझ्या पिढीने थांबवावा असंही वाटतं.

आता नेहमीचे आजार. खरूज नीट शिक, कारण ती सगळ्यात जास्त निसटते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, पुरुषांच्या जननेंद्रियावर पुटकुळ्या, आणि घरात आणखी कुणाला तरी खाज. हा शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नकोस. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे ज्यांना काहीच होत नाही अशांनाही घरातल्या सगळ्यांबरोबर एकाच वेळी औषध द्यावं लागतं. ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर. आठवड्याने पुन्हा एकदा. खरजेचे बारीक किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. रुग्णाला हे आधीच सांगितलं नाहीस तर तो औषध लागू पडलं नाही असं समजून पुन्हा पुन्हा तेच चोपडत राहील.

गजकर्णाचं, म्हणजे त्वचेवरच्या बुरशीच्या संसर्गाचं, उलट आहे. ते ओळखायला सोपं असतं. कड चढलेली, खवल्यांची, आणि मध्यभाग बरा होत आलेला. पण कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइडचं मलम लावून आलेल्या रुग्णात ही ओळखच पुसली जाते. खाज कमी होते, कड बुजते आणि बुरशी मात्र पसरत राहते. म्हणून ‘आतापर्यंत काय काय लावलंत?’ हे विचारायचं, ट्यूब बघायला मागायची. शंका आली की कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघ. काही मिनिटांचं काम आहे, आणि बुरशीचे तंतू स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की निदान पक्कं होतं.

फिकट चट्ट्याला हात लावल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नकोस. कोड खडूसारखं पांढरंशुभ्र असतं आणि त्यात स्पर्श शाबूत असतो. शिब्यांवर नखाने ओरखडलं की बारीक कोंडा सुटतो. आणि फिकट चट्ट्यात स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग समजून पुढे तपास. कोपरामागची अल्नर नस जाड झाली आहे का ते चाचपून बघ. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात मात्र संवेदना टिकून असू शकते. नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सनने या रोगाचा जिवाणू १८७३ मध्ये दाखवला, १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुऔषधी उपचारपद्धती आहे, रोग पूर्ण बरा होतो. पण नस एकदा कायमची निकामी झाली की ती परत येत नाही. इथे उशीर म्हणजे वाकडी बोटं.

अंगावर पित्त उठलेल्या रुग्णाच्या एका गांधीभोवती पेनाने रेघ काढून ठेव. चोवीस तासांत ती गांधी विरायला हवी. तिथेच राहिली आणि मागे डाग पडला तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा विचार कर.

या विभागात जीव वाचवण्याचं कामही होतं. नवीन औषध सुरू करून काही आठवडे झालेत, ताप आहे, त्वचा दुखते आहे, ओठ आणि डोळे सोलवटले आहेत, बोटाने दाबून सरकवलं तर कातडी सुटते, हे स्टीव्हन्स-जॉन्सन किंवा टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस आहे, म्हणजे औषधामुळे कातडी सोलून निघण्याचा जीवघेणा आजार. नेहमी संशय येतो तो आकडीच्या काही औषधांवर, युरिक अ‍ॅसिड कमी करणाऱ्या अ‍ॅलोप्युरिनॉलवर आणि सल्फा गटातल्या औषधांवर. संशयित औषध ताबडतोब बंद.

मलम लिहून देताना किती लावायचं हेही सांग. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत पिळलेलं मलम साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आणि तपासताना शक्य तिथे रुग्णाच्या चट्ट्याला स्पर्श कर. यातल्या कित्येकांच्या जवळ कुणी बसतही नाही. संसर्गाची शंका असेल तिथे हातमोजे घाल, पण ते का घातले आहेत ते त्यांना समजावून सांग.

पहिल्या आठवड्यात पाहिलेल्या रुग्णांची वर्णनं मला पाठव. रुग्णांची नावं, फोटो नकोत. रोगाची नावंही लिहू नकोस. वर्णनावरून ती मला ओळखता येतात का ते बघू, आणि जिथे अडेल तिथे काय लिहायचं राहिलं ते कळवेन.

तुझी,
मॅडम