स्टेराईल नर सोडले तरी मादी ढुंकून बघत नसेल तर काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की फळमाशीचे वंध्य म्हणजे स्टेराईल नर सोडून कीड आटोक्यात आणतात (त्यांच्याशी जोडी जमलेल्या मादीची अंडी उबत नाहीत) हे कळलं, पण ते नर रानटी नरांपुढे फिके पडतात असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग सरळ जास्त नर सोडून भागत नाही का, आणि नरांना आल्याच्या तेलाचा वास देऊन सुधारायचं ते प्रकरण आपल्या हापूसवरच्या माशीला चालेल का. तेलाचं आधीच सांगतो, ते मेडफ्लाय म्हणजे भूमध्य फळमाशीसाठी आहे, आपल्या माशीसाठी वेगळी वस्तू आहे आणि ती तुमच्या बागेत बहुतेक आधीच टांगलेली असेल. त्यावर शेवटी येतो.

जास्त सोडा हा उपाय लोक करतातच हो. ग्वाटेमालातल्या एल पिनोच्या कारखान्यात आठवड्याला शंभर कोटींच्या वर मेडफ्लायचे कोष तयार होतात, आणि एका रानटी नरामागे शंभरच्या आसपास स्टेराईल नर हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी धरतात. पण मादीच नको म्हणत असेल तर आकडा वाढवून खर्च वाढतो, बाकी फार काही होत नाही.

नको का म्हणते ते बघा. मेडफ्लायचा रानटी नर पानाच्या खालच्या बाजूला जागा धरतो, पोटाच्या टोकाशी एक बारीकसा फुगा बाहेर काढतो आणि त्यातून वास सोडत बसतो. मादी आली की तिच्याकडे तोंड करून आधी पंखांची एकसारखी थरथर, मग पंख मागेपुढे झटकणं, डोकं हलवणं, आणि एवढं करूनही ती जागची हलली नाही तर उडी. हे सगळं निवांत चालतं. कारखान्याच्या पिंजऱ्यात माश्या खच्चून भरलेल्या असतात, तिथे हा नाच करत बसला तर दुसरा कोणी येऊन धक्का मारणार, म्हणून जो पटकन उडी मारतो त्याचीच प्रजा पुढे जाते. अशा पिढ्यांवर पिढ्या गेल्या की नाच आखूड होतो, नर घाई करतो, आणि बाहेरच्या मादीला ती घाई पटत नाही, ती उडून जाते. हवाईतल्या काउआई बेटावर त्याच्याही पुढची गोष्ट दिसली, तिथे स्टेराईल नर सोडत राहिल्यावर रानटी माद्या त्या नरांना जास्तच नाकारायला लागल्या, 1996 साली ते छापून आलं. म्हणजे आपण नकळत माद्यांचीच निवड करून बसलो. (म्हणून हे तंत्रच फोल असं समजू नका, जपानने ओकिनावा भागातून काकडीवर्गातली फळमाशी याच पद्धतीने 1993 पर्यंत संपवली.)

याच्यावरचा लांबचा उपाय कारखान्यातल्या माश्यांच्या वसाहतीपासून सुरू होतो. एक छोटी मूळ वसाहत कमी गर्दीत, शक्य तेवढ्या मोकळ्या परिस्थितीत सांभाळायची, तिची अंडी घेऊन काही पिढ्या कारखान्यात वाढवायची आणि सोडून द्यायची, कारखान्यातली माशी परत मूळ वसाहतीत जाऊ द्यायची नाही. शिवाय माद्या आधीच काढून टाकायच्या. मेडफ्लायच्या व्हिएन्ना जातीत अंडी 34 अंशांवर 24 तास ठेवली की मादीची अंडी मरतात आणि फक्त नर उरतात. सोबत स्टेराईल माद्या सोडल्या की नर त्यांच्यातच रमतात, हे माणसांना सांगायला नको. ग्वाटेमालात फक्त नर सोडल्यावर रानटी माद्यांच्या अंड्यांत वंध्यता चार-पाच पटीने जास्त आली.

नर वंध्य करतात ते रेडिएशनने, आणि त्याबद्दल माझं जरा ठाम मत आहे. कोषातून माशी निघायच्या एक-दोन दिवस आधी डोस देतात, मेडफ्लायला साधारण शंभर ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) आसपास, आणि कोष आधी पिशवीत हवाबंद करून ठेवतात म्हणजे आतला ऑक्सिजन त्यांच्याच श्वासाने संपतो आणि शरीराला इजा कमी होते. पण वंध्यता अगदी शंभर टक्के हवी म्हणून डोस चढवत नेला की नर मलूल होतो. थोडी कमी वंध्यता पण तगडा नर, हा सौदा मला फायद्याचा वाटतो, खास करून सोबत माद्या नसतील तेव्हा. नुसता कागदावर वंध्य असलेला नर काय कामाचा!

आता मुख्य मुद्दा. मला कोणी मोजकेच पैसे दिले तर मी ते माशी कोषातून निघाल्यापासून सोडेपर्यंतच्या चार-पाच दिवसांवर घालीन, कारण तिथे स्वस्तात सगळ्यात जास्त फरक पडतो. पूर्वी या दिवसांत साखर आणि पाणी एवढंच द्यायचे. बॅक्ट्रोसेरा आणि अॅनास्ट्रेफा गटातल्या नरांना साखरेसोबत यीस्टचं प्रोटीन दिलं, तीनास एक या प्रमाणात, तर ते चांगलेच सुधारतात. मेडफ्लायमध्ये गाडी अडते, प्रोटीन खाल्लेला नर मीलनात पुढे जातो पण बाहेर उपाशी राहायची वेळ आली की लवकर मरतो, म्हणून तिथे सरसकट सल्ला देता येत नाही. मेक्सिकन फळमाशीसारख्या उशिरा वयात येणाऱ्या माश्यांना मेथोप्रीन हे कीटकांच्या संप्रेरकासारखं रसायन देतात, त्याने नर लवकर तयार होतो आणि सोडेपर्यंत माश्या ठेवतात त्या खोलीतले दिवस वाचतात. रेडिएशनने पोटातले उपयोगी जिवाणू घटतात असं इस्रायलच्या लोकांनी दाखवलं, त्यातला क्लेब्सिएला हा जिवाणू परत खाऊ घातल्यावर नरांची कामगिरी सुधारली. आणि ते आल्याचं तेल, ते खायलाही लागत नाही, सोडायच्या आधी नुसता वास खोलीत फिरवला तरी मेडफ्लायचे नर जास्त माद्या मिळवतात, त्यातला अल्फा-कोपीन हा घटक महत्त्वाचा मानतात.

आपल्याकडच्या आंब्यावरची माशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, तिचं सगळं वेगळं, मीलनसुद्धा दिवसभर नाही तर तिन्हीसांजेला. हिच्यासाठी हवं ते मिथाईल युजेनॉल, नर ओढून मारणाऱ्या तुमच्या रक्षक सापळ्यात असतं तेच, तुळशीतही असतं. नर ते चाटतो, त्याचे दोन पदार्थ करून शेपटाकडच्या ग्रंथीत साठवतो आणि संध्याकाळी सोडतो, आणि असा नर न चाटलेल्या नराला कितीतरी दिवस भारी पडतो. अजून एक फायदा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकदा पोटभर चाटलेला नर सापळ्याकडे पुन्हा तेवढ्या ओढीने जात नाही. सापळे आणि स्टेराईल नर एकाच वेळी वापरता येत नाहीत, तुमचेच नर तुमच्याच सापळ्यात मरतील, असा आक्षेप हमखास येतो, पण आधी चाटवून सोडलेल्या नरांच्या बाबतीत तो बराच लंगडा पडतो, रानटी नर सापळ्यात जातात आणि तुमचे बाहेर राहतात. 2014 मध्ये फळमाशीपायी युरोपने आपला आंबा अडवला होता, त्यामुळे हे गणित कोकणासाठी नुसतं पुस्तकी नाही.

सेमिनारमध्ये एखादी चाचणी दाखवायची असेल तर उड्डाणाची सोपी आहे, दहा सेंटिमीटर उंचीची काळी नळी, आतून टाल्कम पावडर लावलेली म्हणजे माशी चढून बाहेर येऊ शकत नाही, तळाशी शंभर कोष, आणि किती उडून गेल्या ते मोजायचं. पण ती फक्त पंख चालतात का एवढंच सांगते. मादी घेते का हे बघायला जाळीचा मोठा तंबू लागतो, आत कुंडीतलं झाड, पंचवीस-पंचवीस रानटी नर-माद्या आणि तेवढेच स्टेराईल नर, आणि जोडी जमली की छोट्या बाटलीत उचलायची. रानटी माद्यांच्या जोड्यांपैकी निम्म्या स्टेराईल नरांसोबत निघाल्या तर तुमचा नर रानटीच्या तोडीचा. छोट्या डब्यात हा प्रयोग करू नका, तिथे मादीला पळायला जागाच नसते, आकडे छान दिसतात आणि शेतात काहीच होत नाही. आणि डॉर्सालिस असेल तर तंबूत दुपारभर बसून राहू नका, अंधार पडायच्या आधीचा तासभर धरा.