कंसात लिहिलेलं वाक्य

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. लग्नाला चौदा वर्षं झाली. घरचे रोज संध्याकाळी साडेपाचला एकटेच वावरात जातात, अंधार पडल्यावर येतात. फोनही घरीच ठेवतात. आले की जेवतात आणि झोपतात, एक शब्द बोलत नाहीत. मी दिवसभर शिलाई मशीन आणि चूल यांत मरमर करते. मशीन घेतल्यापासून तीन वर्षं वावरात जाणंही सुटलं. (आधी निघताना "येतं का वावरात?" म्हणायचे, पण मला स्वयंपाक असतो. पोळ्यापासून तेही विचारत नाहीत.) त्यांच्या मनात दुसरी कोणी असेल का?

उत्तर: बाई, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडले. तुम्ही राबता, ते खरंच आहे, त्यावर मी आज काही बोलणार नाही. एक माणूस रोज दारात थांबून विचारतो, बायको रोज चुलीकडे बोट दाखवते आणि एक दिवस तो विचारायचं सोडून देतो. हे तुम्ही कंसात लिहिलंत! दुसऱ्या बाईकडे जाणारा माणूस फोन घरी टाकून जात नाही. ती शंका मनातून काढून टाका.

मला वेगळीच काळजी वाटली. सप्टेंबर अखेरचे हे दिवस कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. डवरा फिरवून तण काढायची डवरणी आटोपलेली, कापसाच्या वेचणीला अवकाश. सोयाबीनचा पाला पिवळा पडून गळतोय, शेंगा हलवल्या की खुळखुळतात आणि नेमकं तेव्हाच परतीच्या पावसाचं आभाळ भरून येतं. हातात करण्यासारखं काही नसतं. धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, चालायचं, पऱ्हाटीपाशी, कपाशीच्या झाडापाशी, वाकायचं, पाकळ्या चिकटून न उमललेली डोमकळी दिसली की तोडून आत अळी आहे का ते पाहायचं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीची काय गत केली ते ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या डोक्यातून एक डोमकळीसुद्धा रात्रभर जात नाही. तेवढं ओझं घेऊन तुमचे घरचे अंधारात परततात. तीन वर्षांत जिने वावर पाहिलं नाही, तिला सांगायला सुरुवात तरी कुठून करणार?

माझी आई वडिलांच्या मागे चार पावलं ठेवून धुऱ्याने चालायची. दोघं फारसं बोलत नसत. वडील एखाद्या झाडापाशी थांबले की तीही थांबायची. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, म्हणून एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात. आई गुलाबी फुलाला बोट लावून म्हणायची, "हे कालचं." एवढंच. पण रात्री जेवताना वडील तिच्याशी बोंडांचा हिशोब करायचे. दोघांनी तेच झाड पाहिलेलं असायचं.

दिवस आता भरभर आखडतोय. आज सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, ऑक्टोबर संपता संपता पावणेसहाच्या सुमारास बुडेल. पुढे वेचणी सुरू झाली की घरात कापूस, मजुरांचे पैसे, बाजारभाव. निवांत फिरायचे दिवस हेच आहेत, आणि ते आणखी तीन-चार आठवडेच मिळतील.

तेव्हा उद्याच जा. वरण दुपारीच लावून ठेवा. पायात चप्पल नको, बूट घाला, आणि बॅटरी घ्या; या दिवसांत दिवेलागणीला गवतात घोणस असते. विचारण्याची पाळी आता तुमची. ते निघाले की म्हणा, "चाला, मी बी येतो." वाटेत मशीनचं, पोरांचं, बहिणीच्या घरचं काही काढू नका. पहिले चार दिवस ते गप्पच राहतील, राहू द्या. पाचव्या दिवशी तुम्हीच विचारा, "जीवाला काय लागलंय?" उत्तरात जगण्यात काही राहिलं नाही असा सूर आला, किंवा झोप-जेवण सुटलेलं दिसलं, तर त्याच दिवशी 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला, फोन लावा आणि त्यांना एकटं सोडू नका.

स्वयंपाकाचं काय, असं तुम्ही पुन्हा म्हणाल. धुऱ्याला बरबटी, म्हणजे चवळी, असेलच. परतताना पदरात शेंगा तोडून आणा, दोघांनी मिळून निवडा.