विंडोज ११ टाकल्यापासून घरचं वायफाय सारखं तुटतंय. कार्ड बदलू का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: नाशिकच्या सिडकोत घर, लॅपटॉप पाचेक वर्षांचा, गेल्या रविवारी विंडोज १० वरून ११ वर गेलात आणि तेव्हापासून वायफाय मधेच सुटतं, थोड्या वेळानं आपोआप जोडलं जातं. मोबाईलवर नेट छान चालतं. नेटवाला म्हणतो लाइन ओके आहे, आणि दुकानदार म्हणतो लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड गेलंय, बदलून टाका.

कार्डाला आत्ता हात लावू नका. शनिवारपर्यंत नीट चाललेलं कार्ड नेमकं अपडेटच्या रात्रीच जावं, असं क्वचित होतं. मी इंदिरानगरला राहतो, आसपासच्या लोकांचे लॅपटॉप बघून देतो, आणि अशा तक्रारीत बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचाच (विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचाच) निघतो.

त्याआधी एक काम मात्र आजच करा, ते म्हणजे तारीख मोजा. ११ वर गेल्यावर परत १० वर यायला विंडोज १० दिवस देतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' दिसेल. जुनी विंडोज ज्या फोल्डरात ठेवलेली असते ते फोल्डर डिस्क साफ करताना उडालं, तर ही सोय मुदतीआधीच जाते. म्हणून जागा कमी पडतेय असं वाटलं तरी तूर्त क्लीनअप करू नका. अर्थात मागे फिरणं हा शेवटचा उपाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि घरगुती वापरासाठी नाव नोंदवून सुरक्षेचे अपडेट घेतले तरी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतात.

आता नेट नक्की कुठे तुटतंय ते शोधू. 'मोबाईलवर चालतं' या पुराव्यावर माझा फारसा भरवसा नाही. वायफायवर नेट येईनासं झालं की बरेच फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं वायफायच चालू आहे. फोनचा मोबाईल डेटा बंद करा आणि मग तासभर वापरून बघा. फोनही अडखळला तर लॅपटॉपच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

फोन ठीक चालला तर लॅपटॉपवर सीएमडी (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, आयपीकॉन्फिग टाइप करा (इंग्रजी अक्षरांत) आणि डिफॉल्ट गेटवेसमोरचा आकडा टिपून घ्या. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. हा तुमच्या राउटरचा पत्ता. मग सीएमडीच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत पिंग (दिलेल्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड), पुढे राउटरचा पत्ता आणि शेवटी -टी, म्हणजे ती थांबवेपर्यंत चालू राहते. दुसरीत तसंच, फक्त पत्ता ८.८.८.८ (हा गूगलचा, म्हणजे घराबाहेरच्या इंटरनेटवरचा). दोन्हीकडे सेकंदाला एक अशा ओळी सरकत राहतील. राउटरच्या खिडकीत वेळ साधारण दोन-पाच मिलिसेकंद दिसायला हवी. नेट गेलं की लगेच इथे बघा. राउटरच्या ओळी शांतपणे चालू आहेत आणि फक्त ८.८.८.८ च्या खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतंय, तर तुमचं वायफाय धडधाकट आहे, दोष राउटरच्या पलीकडे. त्याच क्षणी फायबरच्या डब्याकडे नजर टाका. 'एलओएस' (म्हणजे लाइनवर सिग्नल नाही) लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर त्याचा फोटो काढून नेटवाल्याला पाठवा, मग तो 'लाइन ओके' म्हणू शकणार नाही. पण राउटरच्याच खिडकीत आकडे दोनावरून आठशे-हजारावर उड्या मारतायत आणि मग दोन्हीकडे एकदम टाइम्ड आउट येतंय, तर बिघाड लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये आहे. तुमच्या वर्णनावरून मला हेच दिसेल असं वाटतं.

मग ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफाय कार्डाचं नाव असतं, बहुधा इंटेल, रियलटेक किंवा मीडियाटेक. त्यावर डबल क्लिक करून ड्रायव्हर टॅबमध्ये जा आणि काहीही बदलण्याआधी तारीख व व्हर्जनचा मोबाईलवर फोटो काढा. 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण चालू असेल तर दाबा, रीस्टार्ट करा आणि दिवसभर वापरा. बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही. तेव्हा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं पान उघडून तिथला वायफाय ड्रायव्हर उतरवा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' छापाची सॉफ्टवेअरं अजिबात टाकू नका. वायफाय दगा देत असेल तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. तेवढ्यापुरतं नेट मिळतं.

जुना ड्रायव्हर काढताना 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' म्हटल्यावर एक छोटा चौकोन येतो, ड्रायव्हरही काढून टाकायचा का असं विचारणारा. त्यात टिक करा. बरेच जण ती करत नाहीत. मग रीस्टार्टनंतर विंडोज तोच ड्रायव्हर परत बसवतं आणि माणूस म्हणतो, सगळं करून बघितलं, काही उपयोग झाला नाही. नवा ड्रायव्हर बसला की विंडोज अपडेट काही आठवडे पॉजवर ठेवा, म्हणजे वर पुन्हा दुसरा येऊन बसणार नाही.

त्याच प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्या. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅब दिसतच नाही, तेव्हा शोधत बसू नका.

आता जरा वेगळा प्रश्न. अपडेटच्या आधी बॅकअप घेतला होता का, आणि ती हार्डडिस्क अजून लॅपटॉपला लावलेलीच आहे का? आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांचं अगदी असंच झालं होतं. यूएसबी ३ च्या उपकरणांतून आणि केबलमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर पडतो. इंटेलनं २०१२ मध्येच त्यावर सविस्तर माहिती प्रसिद्ध केली आहे. काकांची डिस्क काढली आणि राउटरच्या खिडकीतल्या ओळी जागच्या जागी सरळ झाल्या. दोष अपडेटवर जात होता, कारण दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या होत्या.

सिडकोत घरं इतकी चिकटून आहेत की वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यामुळे राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल आणि लॅपटॉप त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असेल तर त्यावरच जोडा. राउटरमध्ये दोन्हींची नावं वेगळी ठेवा, म्हणजे लॅपटॉप कुठे जोडलाय ते कळतं. जाड भिंतीपलीकडे मात्र ५ चा जोर लवकर ओसरतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात मी हा सल्ला देणार नाही.

अपडेटमध्येच घोळ होता असंही घडलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या केबी५०३२२८८ या अपडेटनंतर काही लॅपटॉपांचं वायफाय बिघडलं. मायक्रोसॉफ्टनं ते मान्य करून दुरुस्तही केलं. पण तो त्रास प्रामुख्यानं ऑफिस, कॉलेज अशा ठिकाणच्या नेटवर्कवर होता, घरी तो होण्याची शक्यता कमी असल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून तुमच्या बाबतीत मी ड्रायव्हरवरच बोट ठेवतो.

'नेटवर्क रीसेट' अगदी शेवटी करा. त्यानं साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) असेल तर ते पुन्हा बसवावं लागू शकतं. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इतकं करूनही तुटत राहिलं तर कार्ड तपासायचा खात्रीचा मार्ग आहे. उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा) पेनड्राइव्ह बनवा, लॅपटॉप त्यावरून चालू करा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा आणि तिथे वायफाय जोडून दोन तास वापरा. तिथे एकदाही तुटलं नाही तर कार्ड चांगलं आहे, दुकानदाराला खुशाल तसं सांगा. तिथेही तसंच सुटत असेल तर मात्र दुकानात जा, आणि पैसे ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा: तुमच्या मॉडेलमध्ये कार्ड वेगळं निघतं की बोर्डालाच जोडलेलं आहे, आणि उघडल्यावर अँटेनाच्या दोन बारीक तारा जागेवर घट्ट बसलेल्या आहेत का. तार सैल निघाली तर नवं कार्ड लागणारही नाही.

कार्डाचं नाव, ड्रायव्हरची तारीख आणि नेट तुटतानाच्या दोन्ही खिडक्यांतल्या पाच-सात ओळी इथे लिहा, मी बघून सांगतो.