वाचक विचारतात: बिअरचा नळ जुन्या फ्रिजला

प्रश्न: सिंगल डोअर फ्रिजमध्ये १९ लिटरचा केग (बिअरचं धातूचं पिंप) ठेवून नळ बसवायचाय. भोक कुठे पाडू? मित्राकडे नुसता फेसच येतो, तो का? – एक वाचक, खानापूर

उत्तर: भोक दारातच पाडा, २२ मिलिमीटरचं. बाजूच्या पत्र्यामागे बहुधा कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) नळ्या असतात. ड्रिल लागलं की गॅस गेला, फ्रिज भंगारात. आधी मापं घ्या: केग साधारण ६३ सेंटिमीटर उंच, आणि मागचा कॉम्प्रेसरचा उंचवटा जागा खातो.

फेसाचं कारण बहुतेकदा केगपासून नळापर्यंतची आखूड नळी. ५ मिलिमीटर पोकळीची अडीच-तीन मीटर नळी गुंडाळून आतच ठेवा. बिअर ३-४ अंशांवर, बिअर ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा दाब १०-१२ पीएसआय. फेस आला म्हणून दाब उतरवू नका, बिअर मिळमिळीत होते. या गॅसचा सिलिंडर उभाच ठेवा. सांधे गळतात का, ते साबणपाण्याने तपासा.